क्राकोमधल्या न्हाणीघरातला अलार्म

२०२४ च्या नोव्हेंबरात आमच्या घरात डोकेदुखी सुरू झाली. ती कामाच्या दिवशी क्वचित जाणवे, शनिवार-रविवारी मात्र हमखास. माझी सहा वर्षांची मुलगी संध्याकाळी आंघोळ करून आली की पेंगुळायची, जेवणाच्या ताटावरच डोळे मिटायची, आणि थंड देशातल्या पहिल्याच हिवाळ्याचा तो परिणाम असावा असे आम्ही दोघेही समजत होतो. ताप कोणालाच नव्हता. करोनाच्या काळात घेतलेले ऑक्सिमीटर आम्ही पुण्याहून सोबत आणले होते. मुलीच्या बोटाला ते लावले की ९८ आकडा दिसे आणि मन निश्चिंत होई. त्या आकड्यावर मी किती विसंबून होते हे आज आठवले तरी अंगावर काटा येतो, कारण कार्बन मोनॉक्साइड या अर्धवट ज्वलनातून निघणाऱ्या विषारी वायूने व्यापलेले हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजनने भरलेले हिमोग्लोबिन यांतला फरक बोटाला लावायच्या साध्या ऑक्सिमीटरला ओळखता येत नाही. दोन्ही त्याला सारखीच लाल दिसतात.

माझ्या नोकरीमुळे आम्ही त्या सप्टेंबरात पोलंडमधील क्राको शहरात राहायला आलो होतो. घर महायुद्धापूर्वीच्या एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर होते. छत उंच, भिंती हातभर जाड, आणि भाड्याने देण्याआधी उन्हाळ्यात सगळे नवे केलेले: नव्या पांढऱ्या खिडक्या, नवी दारे, नवे स्वयंपाकघर. जुनी राहिली होती एकच वस्तू, न्हाणीघराच्या भिंतीवरचा गॅसचा पाणी तापवायचा बंब. पोलिश लोक त्याला ‘प्येत्सिक’ म्हणतात. नळ सोडला की आत ज्योत भडकते, बंद केला की विझते. तो पाहून मला परकेपणा वाटला नाही, उलट ओळखीचेच काहीतरी भेटल्यासारखे झाले, कारण नाशिकला माझ्या माहेरी न्हाणीघरात गॅस गिझर होता आणि ‘आत फार वेळ बसू नकोस, कोंदटतं’ हे आईचे वाक्य ऐकतच मी मोठी झाले. कोंदटते म्हणजे नेमके काय होते, हे तेव्हा कोणी सांगितले नव्हते आणि मीही विचारले नव्हते.

मुलीच्या शाळेत डिसेंबरच्या सुरुवातीला अग्निशमन दलाचे जवान आले आणि तिने घरी एक रंगीत पत्रक आणले. ते कार्बन मोनॉक्साइडबद्दल होते. पोलंडमध्ये या वायूला रोजच्या बोलण्यात ‘चाद’ म्हणतात आणि त्याच्या मागे ‘मूक मारेकरी’ ही बिरुदावलीही हटकून येते. ऑक्टोबर ते मार्च हा घरे तापवण्याचा हंगाम. त्या काळात चादच्या बातम्या आपल्याकडे उन्हाळ्यात उष्माघाताच्या याव्यात तशा नियमाने येतात. पत्रकात लक्षणे दिली होती: डोकेदुखी, मळमळ, चक्कर, ग्लानी, ताप नसताना फ्लूसारखे वाटणे, आणि घराबाहेर पडल्यावर बरे वाटणे. भाषांतराच्या अ‍ॅपवर ते वाचताना शेवटच्या ओळीपाशी मी थांबले. कार्यालयात माझे डोके दुखत नव्हते.

दुसऱ्याच दिवशी मी घरदुरुस्तीच्या सामानाच्या मोठ्या दुकानात गेले. गल्ल्याजवळच्या फळीवर हा वायू ओळखून वाजणारी अलार्मची यंत्रे ओळीने मांडलेली होती, त्यामुळे हंगामात त्यांना मागणी किती असते ते कळले. एका जातीची तर रिकामी खोकीच उरली होती. निवड करताना मी एकच कसोटी लावली. युरोपात घरगुती कार्बन मोनॉक्साइड अलार्मसाठी ‘ईएन ५०२९१-१’ हे मानक आहे, आणि तो क्रमांक यंत्रावर व माहितीपत्रकात छापलेला असेल तरच घ्यायचे. (बोटी आणि चाकांवरच्या घरांसाठी त्याच मानकाचा दुसरा भाग आहे.) ऑनलाइन बाजारात याच्या चौथाई किमतीत मिळणारी, नावगाव नसलेली यंत्रे मी पाहिली होती, पण जी वस्तू वर्षानुवर्षे गप्प राहून एखाद्याच रात्री बोलायची असते, तिच्यात काटकसर करणे मला पटले नाही.

या मानकातला एक भाग मी सगळ्यांना मुद्दाम समजावून सांगते, कारण तो न कळल्यामुळे लोक यंत्राला दोष देतात. हा अलार्म वायूचा कण दिसला की ओरडणारा नाही. हवेतले प्रमाण आणि त्यात घालवलेला वेळ या दोहोंचा तो हिशेब ठेवतो, कारण शरीरावरचा परिणामही तसाच होत असतो. दशलक्ष भागांत ३० भाग, म्हणजे ३० पीपीएम असताना त्याने दोन तासांच्या आत वाजता कामा नये; ५० पीपीएमला ६० ते ९० मिनिटांच्या दरम्यान वाजले पाहिजे; १०० ला १० ते ४० मिनिटांत; आणि ३०० पीपीएमला मात्र तीन मिनिटांच्या आत. त्यामुळे पडद्यावर ४० आकडा दिसतो आहे आणि आवाज नाही, तेव्हा यंत्र बिघडले आहे असा अर्थ काढू नये. आणि वाजत नाही म्हणून हवा शुद्ध आहे असाही काढू नये.

कुठे लावायचे यावर दुकानातल्या एका ग्राहकाने जमिनीजवळ लावा असा सल्ला दिला. आपल्याकडच्या कोणालाही तो पटला असता, कारण सिलिंडरमधला एलपीजी हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो, आणि त्याचा गळतीसूचक खालीच बसवतात. कार्बन मोनॉक्साइडचे तसे नाही. तो हवेपेक्षा किंचित हलका असतो, शिवाय ज्वलनातून गरम होऊन बाहेर पडतो, म्हणून वर जाऊन सगळ्या खोलीत मिसळतो. माहितीपत्रकाप्रमाणे आम्ही यंत्र बंबापासून आडव्या अंतराने दीड मीटरवर, दाराच्या चौकटीच्या वरच्या पातळीला आणि छतापासून वीतभर खाली बसवले. न्हाणीघरातली वाफ सहन करणारी जात मी शोधून घेतली होती, कारण सगळीच यंत्रे ओलाव्यात चालत नाहीत.

आमच्या घरमालकीणबाई सत्तरीच्या, अतिशय सौजन्यशील, शाळेतून निवृत्त झालेल्या. यंत्र बसवले आहे, त्याचा खर्च आपण द्याल का, असे मी त्यांना लिहिले, तेव्हा त्यांनी दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातले कात्रण पाठवले. पोलंडच्या गृहमंत्रालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये इमारतींच्या अग्निसुरक्षेचे नियम बदलले होते आणि २३ डिसेंबर २०२४ पासून ते लागू होणार होते. नव्या घरांमध्ये धुराचा अलार्म, आणि जिथे इंधन जळते तिथे कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, हे त्या दिवसापासून बंधनकारक. पर्यटकांना मुक्कामासाठी दिल्या जाणाऱ्या जागांना ३० जून २०२६ पर्यंत मुदत. आणि आमच्या घरासारख्या आधीपासून उभ्या असलेल्या घरांना १ जानेवारी २०३० पर्यंत. बाईंनी त्या शेवटच्या तारखेखाली पेनाने रेघ मारली होती. त्यांचे म्हणणे कायद्याच्या दृष्टीने बरोबरच होते, म्हणून मी वाद घातला नाही. पण जिथे बंब सर्वांत जुने आणि धुराडी सर्वांत थकलेली, त्याच घरांना सर्वांत लांबची मुदत मिळावी, हे मला तेव्हाही पटले नव्हते आणि आजही पटत नाही.

त्याच आठवड्यात इंग्लंडमधल्या लेस्टरला राहणाऱ्या माझ्या मामेबहिणीशी बोलणे झाले. ती म्हणाली, ‘ताई, आमच्या घरमालकाने भाडेकरार सुरू झाला त्या दिवशी आमच्यासमोर बटण दाबून वाजवून दाखवला.’ इंग्लंडमध्ये २०१५ च्या नियमांत हे यंत्र फक्त लाकूड-कोळसा जाळणाऱ्या भाड्याच्या घरांपुरते होते. १ ऑक्टोबर २०२२ पासून गॅसच्या बॉयलरसह कोणतेही पक्के बसवलेले ज्वलनयंत्र असलेल्या प्रत्येक राहत्या खोलीत ते आले, स्वयंपाकाची गॅस शेगडी तेवढी वगळली, आणि कमी भाड्याने घरे देणाऱ्या सामाजिक गृहनिर्माण संस्थाही त्यात घेतल्या. पालिकेची नोटीस पाळली नाही तर ५,००० पाउंडांपर्यंत दंड. स्कॉटलंड त्याहून पुढे आहे: तिथे फेब्रुवारी २०२२ पासून मालक स्वतः राहत असलेल्या घरांनाही नियम लागू आहे. उत्तर आयर्लंडमध्ये खासगी भाड्याच्या चालू करारांना तो १ डिसेंबर २०२४ ला लागू झाला, म्हणजे आमच्या यंत्राच्याच महिन्यात. दुसरीकडे, कार्यालयातला माझा जर्मन सहकारी सांगत होता की तिथल्या सोळाही राज्यांत धुराचा अलार्म सक्तीचा आहे, पण कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मची तशी देशभर सक्ती नाही. फ्रान्सनेही मार्च २०१५ मध्ये घरोघरी सक्ती केली ती धुराच्या अलार्मची. या दोन यंत्रांची गल्लत फार लोक करतात. धुराचा अलार्म कार्बन मोनॉक्साइड ओळखत नाही. छतावर काहीतरी पांढरे आणि गोल लावलेले आहे एवढ्यावर समाधान मानू नये.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात बर्फ वितळले आणि हवा एकाएकी उबदार, ओलसर, वादळी झाली. त्या संध्याकाळी मी मुलीला टबात बसवले होते आणि माझे पती स्वयंपाकघरात आमटीला फोडणी देत होते. फोडणीचा वास जिन्यात जाऊन शेजाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून शेगडीवरचा धूर ओढणारा पंखा ते नेहमी पूर्ण वेगावर लावत. पाणी गार झाले म्हणून मी पुन्हा गरम पाणी सोडले. काही मिनिटांनी यंत्राने चार वेळा कर्कश शिट्टी दिली, थांबले, पुन्हा चार वेळा. तांबडा दिवा लुकलुकत होता आणि पडद्यावर ३१२ हा आकडा होता. मी पाहत असतानाच तो ३४० झाला.

मुलीला टॉवेलात गुंडाळून मी ओरडले, ‘गॅस बंद करा, खिडक्या उघडा!’ पतींनी शेगडी बंद केली, समोरची खिडकी सताड उघडली, आणि आम्ही तिघे जिन्यात आलो. मला उभे राहता येत होते, पण गुडघ्यांत जोर नव्हता, आणि मुलगी खांद्यावर डोके टाकून जड झाली होती. शेजारच्या काकूंनी दार उघडून तिला कांबळ्यात घेतले. मी ११२ ला फोन केला. पलीकडच्या व्यक्तीने इंग्रजीत पत्ता विचारला, सगळ्या माणसांना बाहेर काढले का ते दोनदा विचारले, आणि परत आत जाऊ नका असे बजावले.

दहा मिनिटांच्या आत अग्निशमन दलाची गाडी आली. जवानांच्या छातीवर स्वतःचे छोटे मापक लावलेले होते. न्हाणीघराच्या दारात पोहोचताच तेही वाजू लागले. खिडकी उघडी असूनही आत अजून १०० च्या वर पीपीएम होते. त्यांनी मुख्य झडप बंद केली, घर मोकळे होईपर्यंत थांबले, आणि धुराडे तपासून दाखला मिळेपर्यंत बंब चालवायचा नाही, असे कागदावर लिहून माझी सही घेतली. निघताना त्यांच्यातल्या ज्येष्ठ जवानाने अलार्मकडे पाहिले, मागचे मानकाचे चिन्ह वाचले आणि मान डोलावली. त्याला पुढे काही सांगावे लागले नाही.

रुग्णवाहिकेतून आम्हाला रुग्णालयात नेले. तिथे रक्त काढून कार्बन मोनॉक्साइडने अडवलेल्या हिमोग्लोबिनचे प्रमाण मोजतात. माझे ६ टक्के निघाले, मुलीचे ९. लहान मुले मोठ्यांपेक्षा जलद श्वास घेतात, म्हणून तेवढ्याच वेळात त्यांच्या रक्तात हा वायू जास्त भरतो. हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० हून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. साध्या हवेत त्याचे रक्तातले प्रमाण निम्मे व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजन दिला तर साधारण सव्वा-दीड तास. मुलीच्या तोंडावर मुखवटा बांधला तेव्हा ती रडली नाही, माझे बोट धरून झोपली. पहाटे चारला दुसरी चाचणी आली आणि डॉक्टरांनी घरी जायला सांगितले. नोव्हेंबरातल्या डोकेदुख्या मी त्यांना सांगितल्या. त्यांनी विचारले, ‘शनिवारी-रविवारी स्वयंपाक जास्त वेळ चालतो का?’ तेव्हा मला त्या प्रश्नाचा रोख कळला नाही.

तो कळला तिसऱ्या दिवशी, धुराडी तपासणारा ‘कोमिन्याश’ घरी आला तेव्हा. पोलंडमध्ये हा मान असलेला व्यवसाय आहे. काळा गणवेश, त्यावर सोनेरी बटणे. रस्त्यात कोमिन्याश दिसला की माणसे शुभशकुन म्हणून आपल्या कपड्याचे बटण धरतात, आणि त्या दिवशी आमच्या घरमालकीणबाईंनीही दारातच आपल्या कोटाचे बटण धरलेले मी पाहिले. कायद्याने इथल्या इमारतींची धुराची व वायुवीजनाची नळी वर्षातून एकदा तपासावीच लागते, आणि आमचीही मागच्या वसंतात तपासलेली होती, दाखल्यासकट. मग चुकले कुठे?

त्याने सर्व खिडक्या बंद करायला लावल्या आणि बंबाच्या वरच्या जाळीजवळ कागदाची पट्टी धरली. पट्टी जाळीकडे ओढली गेली, पण जेमतेम. मग त्याने पतींना स्वयंपाकघरातला पंखा लावायला सांगितले. पट्टी थरथरली आणि उलट आमच्याकडे झुकली. मग त्याने हवेचा वेग मोजणारे यंत्र लावून तेच आकड्यांत दाखवले. त्या पट्टीकडे पाहताना माझ्या पोटात खड्डा पडला.

त्याचे स्पष्टीकरण असे. आमचा बंब उघड्या ज्वलनकक्षाचा. जळायला लागणारी हवा तो खोलीतूनच घेतो आणि धूर केवळ गरम हवेच्या ओढीने धुराड्यातून वर जातो. जेवढी हवा वर जाते तेवढी घरात कुठून तरी आली पाहिजे. जुन्या लाकडी खिडक्यांच्या फटींतून ती येत होती. उन्हाळ्यात नव्या, रबरी पट्ट्यांच्या हवाबंद खिडक्या बसल्या आणि तो रस्ता बंद झाला. न्हाणीघराच्या दाराला खाली किमान २२० चौरस सेंटीमीटरची छिद्रे असावी लागतात. नवे सुबक दार बिनछिद्रांचे होते. आणि स्वयंपाकघरातला पंखा हवेच्या नळीला जोडला होता. उघड्या ज्वलनाचा बंब असलेल्या ठिकाणी अशी यांत्रिक ओढ पोलंडच्या बांधकाम नियमांत निषिद्ध आहे, कारण घरात हवा यायला दुसरी वाट नसली की पंखा ती सर्वांत सोप्या वाटेने खेचतो, आणि सर्वांत सोपी वाट म्हणजे बंबाचे धुराडे. बाहेर कडाक्याची थंडी असते तेव्हा आतल्या-बाहेरच्या तापमानात फरक मोठा असल्याने धुराड्याची ओढ टिकून राहते; बर्फ वितळलेल्या उबदार, वाऱ्याच्या संध्याकाळी ती ढेपाळली, धूर उलटला, बंब स्वतःच सोडलेली, ऑक्सिजन संपलेली हवा पुन्हा जाळू लागला, आणि अर्धवट ज्वलनामुळे कार्बन मोनॉक्साइड झपाट्याने वाढला. नव्या बंबांत धूर उलटला की ज्योत तोडणारी सोय असते. आमचा तिच्या आधीचा होता.

बाई खुर्चीवर बसल्या होत्या. सगळे ऐकून त्या एवढेच म्हणाल्या, ‘खिडक्या मी तुम्हाला थंडी लागू नये म्हणून बदलल्या होत्या.’ त्यांचे डोळे भरून आले होते. मी त्यांचा हात धरला, कारण मला त्यांच्यावर राग नव्हता. कारागिरांपैकी एकालाही, खिडकीवाल्याला, सुताराला, स्वयंपाकघरवाल्याला, दुसऱ्याने काय केले ते विचारावेसे वाटले नव्हते, आणि तपासणी या सगळ्यांच्या आधी होऊन गेली होती.

दुरुस्तीला बारा दिवस लागले. तेवढे दिवस आम्ही विजेच्या किटलीत पाणी तापवून बादलीने आंघोळी केल्या. दोन खिडक्यांच्या वरच्या चौकटीत हवा आत घेणारे झरोके बसले, न्हाणीघराच्या दाराला खाली जाळी बसली, पंखा नळीपासून तोडून कोळशाच्या गाळणीतून हवा घरातच फिरवणारा केला, आणि बंबाच्या जागी बंद ज्वलनकक्षाचा, हवा बाहेरूनच घेणारा नवा बंब बाईंनी स्वखर्चाने लावला. कोमिन्याश पुन्हा आला, पट्टी पुन्हा धरली, आणि दाखला दिला. अलार्म मी मात्र काढला नाही. त्याच्या मागे बदलण्याची तारीख छापलेली आहे, कारण आतला संवेदक कायम टिकत नाही. ती २०३४ आहे, आणि मी ती स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवरही लिहून ठेवली आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मुलगी स्टुलावर चढून चाचणीचे बटण दाबते. बाईंनी आपल्या स्वतःच्या घरातही एक लावला आहे, २०३० ची वाट न पाहता.

मे महिन्यात आम्ही नाशिकला गेलो तेव्हा मी आणखी एक यंत्र बॅगेत घेतले होते. भावाच्या फ्लॅटमध्ये न्हाणीघरात तोच जुन्या धाटणीचा गॅस गिझर, ज्याला धुराडे असे नाहीच. जळलेली हवा सरळ खोलीतच सुटते, आणि बाहेर जायला वरची चार बोटांची काचेची झडप, तीही डास येतात म्हणून बंद. आपल्याकडे दर हिवाळ्यात न्हाणीघरात बेशुद्ध सापडलेल्या माणसांच्या बातम्या येतात आणि त्यांत ‘गुदमरून’ एवढाच शब्द असतो. मी दार लावून, नळ सोडून, स्वतः बाहेर थांबून यंत्र आत ठेवले. सात मिनिटांनी ते वाजले. आई दाराबाहेर उभी होती. तिने पदराने घाम पुसला आणि भावाला म्हणाली, ‘आत्ताच्या आत्ता प्लंबरला फोन लाव.’ दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गिझर ड्राय बाल्कनीत, उघड्या जाळीपाशी गेला होता, आणि आत फक्त गरम पाण्याचा नळ उरला होता.